ऑफर लेटरवर सही करण्याआधी

अगं, काल तुझ्या बाबांचा फोन आला होता. आधी धानाचं, पावसाचं झालं, मग हळूच मुद्द्यावर आले. "तिकडं पोरगी शिकता शिकता कमावते म्हनते तो नागपूरचा मानूस. वर्षभरानं इंटर्नशिप लागते, मंग हप्ते तिथूनच फेडते म्हनते. खरं हाय का, बाई?" मी म्हटलं, काका, अर्धं खरं आहे, उरलेलं अर्धं मी तिलाच सांगते. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू नुसती हो-हो करतेस. लिहिलेलं निदान पुन्हा उघडून बघशील.

अर्धं खरं असं की इंटर्नशिप मिळते, तिचे पैसेही मिळतात, आणि कधी कधी बरे मिळतात. तो माणूस जे सांगत नाही ते हे, की विद्यार्थी म्हणून व्हिसा मिळाला म्हणजे काम करायचा हक्क मिळाला असं नसतं. प्रत्येक देश तो मोजूनमापून देतो. कुठे तासांवर, कुठे दिवसांवर, कुठे एकाच कंपनीच्या नावाने. इकडची आपली सवय वेगळी आहे. वरठीच्या स्टील कारखान्यात किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत ट्रेनिंगला जायचं तर कॉलेजचं पत्र नेलं की भागतं, आणि एखादा कागद राहिलाच तर तो मागाहून नेऊन देता येतो. तिकडे मागाहून काही नाही. परवानगी बुधवारपासूनची असेल आणि तू सोमवारी जाऊन लॅपटॉप उघडलास, तर ते दोन दिवस बेकायदा कामाचे. कंपनीने बोलावलं होतं, मॅनेजर चांगला होता, ओळखपत्रही दिलं होतं, याला काही अर्थ उरत नाही. व्हिसा तुझ्या नावावर आहे, कंपनीच्या नाही.

पण नियमांच्या आधी मला दुसरंच बोलायचं आहे. माझ्यासोबत शिकणाऱ्या ज्या मुलामुलींचे वांधे झाले, त्यांना नियम माहीत नव्हते असं नाही. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना हॉलमध्ये बसवून सगळं सांगतात, पाठ होईस्तोवर सांगतात. ती मुलं अडकली ती घरी पैसे मागायची लाज वाटली म्हणून. बाबा खरेदी केंद्रावर धान टाकून चुकाऱ्याची वाट बघताहेत, आईने पोत गहाण ठेवलीय, मामाने जामीनदार म्हणून सही केलीय, आणि आपण तिथे महिन्याचं भाडं भरायला आणखी पैसे मागायचे? त्यापेक्षा गॅस स्टेशनवर रात्रीचे चार तास, रोख पैसे, कुणाला कळतंय. असं सुरू होतं ते. तू नियम मोडणारी मुलगी नाहीस हे मला माहीत आहे. तू पैसे न मागणारी मुलगी आहेस, आणि मला भीती त्याचीच वाटते.

म्हणून हिशोब इथेच, निघण्याआधी कर. सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जात साधारणपणे शिक्षणाचा काळ आणि वर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. व्याज चढत राहतं, ते खरं, पण शिकत असताना दर महिन्याला पूर्ण हप्ता पाठवायची सक्ती नसते. तुझ्या मंजुरीपत्रात नेमकं काय लिहिलंय ते भंडाऱ्याच्या शाखेत जाऊन विचार, आणि बाबांना सोबत ने. मॅनेजरच्या तोंडून ऐकलं की त्यांचा जीव खाली पडेल, आणि त्या नागपूरच्या माणसाच्या 'तिथूनच फेडते'ची जादूही उतरेल. दुसरं, खर्चाचा तक्ता करशील तेव्हा त्यात इंटर्नशिपची कमाई शून्य धर. शून्य. भाडं, विमा, किराणा, थंडीचे कपडे, सगळं कर्जात आणि घरच्या पैशात बसतंय का ते बघ. बसत नसेल तर ते आत्ता कळलेलं बरं. तसंही पैसे आहेत असं दाखवूनच व्हिसा मिळतो. जर्मनी तर सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात ठेवायला लावते आणि दरमहा ९९२ युरोच काढू देते. काम करून राहायचा खर्च काढीन, हे कोणताही दूतावास ऐकून घेत नाही.

आता अमेरिकेचं, कारण तुझं मन तिकडेच आहे. एफ-१ म्हणजे तिथल्या विद्यार्थी व्हिसावर कामाच्या तीन वाटा आहेत. पहिली विद्यापीठाच्या आवारातली. ग्रंथालय, मेस, प्रयोगशाळा, प्राध्यापकांची सहायक. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, सुट्टीत जास्त. ही पहिल्या सत्रापासून चालते. पैसे फार नसतात, पण मन शांत असतं. मला विचारशील तर पहिल्या वर्षी एवढंच कर आणि अभ्यास कर.

दुसरी वाट सीपीटी. शिकत असताना बाहेरच्या कंपनीत इंटर्नशिप करायची तर हीच. ती तुझ्या अभ्यासक्रमाचा भाग असावी लागते, म्हणजे त्याबद्दल क्रेडिट मिळतं किंवा पदवीसाठी ती आवश्यक असते. आणि साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्याशिवाय ती मिळत नाही. परवानगी सरकारी खात्यात अर्ज करून येत नाही, तुझ्या विद्यापीठातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी देतो. त्याला तिथे डीएसओ म्हणतात. हा माणूस किंवा ही बाई तुझ्यासाठी कुलगुरूंपेक्षा मोठी, हे लक्षात ठेव. कंपनीचं ऑफर लेटर घेऊन जायचं. त्यात कंपनीचा पूर्ण पत्ता, कामाचं स्वरूप, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास, सगळं असलं पाहिजे. मग नवीन आय-२०, म्हणजे विद्यापीठाने दिलेला व्हिसासाठीचा दाखला, मिळतो. तो हातात आला की पहिलं पान वाचून घडी घालू नकोस. दुसरं पान उलट. तिथे रोजगाराच्या परवानगीच्या रकान्यात कंपनीचं नाव, अर्धवेळ की पूर्णवेळ, आणि दोन तारखा छापलेल्या असतात. त्या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत, त्याच कंपनीत, तेवढ्याच तासांचं काम कायदेशीर. कंपनी म्हणाली, "अजून दोन आठवडे थांब ना," तर थांबायचं नाही. आधी डीएसओकडे जायचं, तारीख वाढवून नवा कागद घ्यायचा, मग थांबायचं. कंपनीने दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात पाठवलं, तरी आधी विचारायचं.

आणखी एक हिशोब. २० तासांपर्यंतची सीपीटी अर्धवेळ, त्यावर गेली की पूर्णवेळ. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली, तर त्याच पदवीवरची ओपीटी, म्हणजे पुढे सांगते ती तिसरी वाट, हातची जाते. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांनी काही बिघडत नाही. पण हौसेहौसेने सत्रामागून सत्र पूर्णवेळ लावत गेलीस, तर पुढचं मोठं दार स्वतःच बंद करशील.

तुझा तो मेसेज मी विसरले नाही: "ताई, बिनपगारी इंटर्नशिप असेल तर परवानगी लागत नसेल ना?" लागते, बाई. पैसे घेतले नाहीत म्हणून काम हे काम राहत नाही, असं तिकडचा कायदा मानत नाही. जे काम एरवी पगार देऊन करून घेतलं असतं ते तू फुकट केलंस, तरी ते कामच, आणि वर कंपनीवर किमान वेतन बुडवल्याचा आरोप येतो तो वेगळा. अनाथाश्रमात शनिवारी जेवण वाढायला गेलीस तर ती सेवा. नफा कमावणाऱ्या कंपनीची वेबसाइट बांधून दिलीस तर ती सेवा नाही. सीमारेषेवरचं काही असेल तर डीएसओला ईमेलने विचार आणि उत्तरही ईमेलनेच घे. तोंडी "हो, चालेल" कुठेच दाखवता येत नाही.

या सीपीटीच्याच नावाखाली सगळ्यात मोठी फसवणूक चालते. 'पहिल्या दिवसापासून सीपीटी' अशी जाहिरात दिसली की दोन पावलं मागे सर. काही पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पहिल्या सत्रापासूनच प्रत्यक्ष कामाचा अनुभव खरोखर आवश्यक असतो, आणि तिथे नियमात ती सूट आहेच. पण वर्ग नाहीत, प्राध्यापक दिसत नाहीत, फी भरा आणि नोकरी करा, असा कारभार असेल तर ते शिक्षण नव्हे. मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' नावाचं विद्यापीठ होतं. वेबसाइट, बोधचिन्ह, ऑफिस, सगळं होतं. फक्त वर्ग आणि शिक्षक नव्हते, कारण ते विद्यापीठ अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने स्वतःच सापळा म्हणून उभं केलं होतं. जानेवारी २०१९ च्या अखेरीस धरपकड सुरू झाली. पहिल्या फेरीत पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. भरती करून देणाऱ्या आठ दलालांवर गुन्हेही लागले. त्याआधी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला, तेव्हा आपल्या काही मुलांच्या पायात जीपीएसचे पट्टे बांधले होते. टीव्हीवर ते दृश्य बघून इकडे किती आयांनी जेवण सोडलं असेल. सरकारने सापळा लावणं योग्य होतं का, यावर तिकडेही खूप वाद झाला. माझं मत विचारशील तर ज्यांना खरंच कळलं नव्हतं अशा पोरांवर अन्याय झाला. पण त्यांच्या हातात परतीचं तिकीट पडलं ते पडलंच.

तिसरी वाट ओपीटी, म्हणजे पदवीनंतरचं १२ महिन्यांचं काम. ही परवानगी डीएसओ देत नाही, फक्त शिफारस करतो. अर्ज सरकारकडे जातो, आय-७६५ नावाचा. कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत तो करता येतो, आणि डीएसओने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत तो पोहोचायला हवा. इथे आळस करू नकोस. खिडकी उघडल्याबरोबर अर्ज कर, कारण मंजुरीला आठवडे लागतात, महिनेही लागतात, आणि कामाच्या परवानगीचं, फोटो असलेलं ईएडी कार्ड मिळून त्यावरची सुरुवातीची तारीख उजाडेपर्यंत काम करता येत नाही. ओपीटी सुरू झाली की बेकारीचे दिवसही मोजले जातात. एकूण ९० दिवस बिनकामाचे झाले की संपलं. त्यामुळे तारीख निवडताना नोकरीची शक्यता किती, हे खरं खरं स्वतःला विचार. गंमत म्हणजे या पहिल्या वर्षात तुझ्या विषयातलं, आठवड्याला निदान २० तासांचं कायदेशीर बिनपगारी कामही रोजगारात धरतात. काम मिळेपर्यंत काहींनी असं प्रयोगशाळेत दिवस काढले. तुझा विषय विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणितातला असल्याने पुढे २४ महिन्यांची वाढ मिळू शकते. पण त्यासाठी कंपनी सरकारच्या ई-व्हेरिफाय यंत्रणेत नोंदलेली हवी, आय-९८३ नावाचा प्रशिक्षणाचा आराखडा भरावा लागतो आणि पगार असावाच लागतो.

याच टप्प्यावर एक जमात भेटेल: "आम्ही तुला आमच्या कंपनीत दाखवतो, तू घरी बस, प्रोजेक्ट आलं की सांगू." वर अनुभवाची दोन-तीन वर्षं बायोडेटात खोटी घालून देतात. बेकारीचे दिवस वाचवायला पोरं तिथे सही करतात. करू नकोस. त्या कंपनीवर चार वर्षांनी कारवाई झाली तरी तुझं नाव तिच्या यादीत राहतं, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या मुलाखतीत ते वर येऊ शकतं.

आणि हे सगळं बदलू शकतं, हेही मनाशी धरून जा. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने विद्यार्थ्यांच्या राहण्याला ठरावीक मुदत घालायचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी सप्टेंबरात एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काचा फतवा निघाला. म्हणून माझ्या वेळच्या नियमांवरही विसंबू नकोस. मी सांगितलेल्यातलं काही वर्षभरात जुनं होईल. व्हॉट्सॲपवर कुणा दादाने टाकलेलं तर आजच जुनं असेल.

जर्मनीचं तुझं दुसरं, प्रवेशाचं पत्र आलंय ना? ते तू उगाच हलक्यात घेतेयस. तिथे मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. आधी ते १२० आणि २४० होते. अर्धा दिवस म्हणजे चार तासांपर्यंत. विद्यापीठातच सहायकाचं काम केलंस तर ते या दिवसांत धरत नाहीत. आता इंटर्नशिपचं ऐक, कारण तिथे दोन प्रकार आहेत आणि आपली मुलं त्यातच घोळ घालतात. अभ्यासक्रमात लिहिलेली, सक्तीची असेल तर तिचे दिवस या १४० मधून जात नाहीत. तू हौसेने, जादा अनुभवासाठी केलीस तर एकेक दिवस मोजला जातो. पैशाचं मात्र उलटं आहे. सक्तीच्या इंटर्नशिपला किमान वेतनाचा कायदा लागू नाही, म्हणजे कंपनी फार कमी देऊ शकते. स्वतःहून केलेली तीन महिन्यांपेक्षा लांबली की किमान वेतन द्यावंच लागतं. ऑफर आली की पहिला प्रश्न हाच: सक्तीची की स्वखुशीची, आणि विद्यापीठाचं तसं पत्र आहे का? तुझ्या निवास परवान्यासोबत एक वेगळा जोडकागद मिळतो, कामाच्या अटी त्यावर छापलेल्या असतात. कार्ड पाकिटात आणि तो कागद कपाटात, असं करू नकोस. कंपनी तोच मागते. स्वतंत्र व्यवसाय, फ्रीलान्स, यांना वेगळी परवानगी लागते.

तुझा आतेभाऊ ब्रिटनला चाललाय, त्यालाही हे वाचून दाखव. पदवीच्या अभ्यासक्रमाला सत्रात आठवड्याला २० तास, आणि आठवडा सोमवार ते रविवार. या आठवड्यात १२ केले म्हणून पुढच्यात २८, असं चालत नाही. दोन ठिकाणी काम करत असेल तर दोन्हीचे तास मिळून २०, आणि बिनपगारी नोकरीचे तासही त्यातच. सगळ्यात मोठा खड्डा उन्हाळ्याचा. आपल्याला वाटतं, जून आला, सुट्टी लागली, आता पूर्णवेळ इंटर्नशिप. पण एक वर्षाच्या एमएस्सीत उन्हाळा प्रबंध लिहायचा असतो, तो सुट्टीत मोडत नाही. २० तासांची मर्यादा तशीच चालू राहते. विद्यापीठाच्या वेबसाइटवर पदवीच्या मुलांच्या सुट्ट्या बघून हे पोरगं फसणार, मी आजच सांगते. अभ्यासक्रमाचाच गुणांकन होणारा भाग असलेली प्लेसमेंट असेल तर गोष्ट वेगळी, ती विद्यापीठामार्फत ठरते. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा आज दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तरच्या मुलांना तो १८ महिन्यांचा होणार आहे. त्याने आपला कोर्स कधी संपतो ते आत्ताच मोजावं.

ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला स्वतःचा धंदा करता येत नाही, हे तर मुलींनी खास ऐकावं. आपल्या मुलींच्या हातात कला असते. कुणी मेंदीच्या ऑर्डरी घेते, कुणी डबे करते, कुणी इन्स्टाग्रामवर कोसाच्या साड्या विकते. मोहाडी-आंधळगावचा कोसा तिकडच्या बायकांना आवडणारच. पण पैसे घेऊन केलं की तो धंदा, आणि विद्यार्थ्याच्या व्हिसावर तो बंद. पुण्यातल्या कंपनीचं काम खोलीत बसून लॅपटॉपवर केलं, पगार भारतातल्या खात्यात आला, तरी शरीराने तू तिथे आहेस, म्हणून ते तिथलंच काम. यावर तुझा तो आतेभाऊ माझ्याशी भांडला होता. भांडू दे.

बाकीचे देश चटकन सांगते. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून सत्रात आठवड्याला २४ तास. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास, आणि अभ्यासक्रमात नोंदलेली सक्तीची प्लेसमेंट त्यात धरत नाहीत. आयर्लंडमध्ये सत्रात २०, जून ते सप्टेंबर आणि नाताळच्या सुट्टीच्या महिन्यात ४०.

आता शिष्यवृत्तीचं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे तू पाठवलायस, फार चांगलं केलंस. वर्षाला ७५ जणांना मिळते, कुणाला तरी मिळणारच ना? ओबीसी आणि आदिवासी मुलांसाठी वेगळ्या विभागांच्या अशाच योजना आहेत, तुझ्या मैत्रिणींना सांग. पण यादीत नाव आलं तर करारनामा सही करण्याआधी पूर्ण वाच. व्हिसा काम करू देतो म्हणून शिष्यवृत्तीही करू देते असं समजू नकोस, दोघांचे नियम वेगळे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत संशोधन किंवा अध्यापन सहायक म्हणून अमेरिकेत वर्षाला २,४०० डॉलर आणि ब्रिटनमध्ये १,५६० पौंडांपर्यंतच जादा कमाईची मुभा ठेवलेली आहे. वरचं झालं की भत्त्यातून वजा. शिक्षण संपल्यावर परत कधी यायचं, तिथे थांबून प्रशिक्षण घेता येतं का, कुणाची लेखी परवानगी लागते, हे भंडाऱ्यात सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचार आणि उत्तर लिहून घे.

शिष्यवृत्तीच्या अटींचा विषय निघाला की मला बाबासाहेब आठवतात. आपल्या भंडाऱ्याने १९५४ च्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत त्यांना निवडून दिलं नाही, ते जुनी माणसं अजून बोलतात. पण त्यांचं विद्यार्थीपण कुणी या अंगाने बघत नाही. १९१३ मध्ये ते कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायच्या करारावर. १९१६ मध्ये लंडनला गेले, अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी दोन्ही सुरू केलं, आणि वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपून परतावं लागलं. दुसरा कुणी असता तर हात झटकून निघाला असता. त्यांनी निघण्याआधी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे नेण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. बडोद्यात काय भोगलं ते तुला माहीत आहे. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मध्ये ती परवानगी घेऊन ते पुन्हा लंडनला हजर झाले. एवढ्या अपमानात, एवढ्या ओढाताणीत त्या माणसाने कागद सुटू दिला नाही. आपल्याला तर ईमेल करायचा असतो फक्त.

कराचं थोडक्यात, कारण याचा फार बाऊ करतात. अमेरिकेत एफ-१वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के पगारातून कापायचे नसतात. छोट्या कंपन्यांना हे माहीत नसतं आणि त्या कापतात. पहिली पगारचिठ्ठी आली की ती ओळ बघ. कापले असतील तर एचआरला लिही. एक पैसाही कमावला नाहीस तरी ८८४३ नंबरचा फॉर्म दरवर्षी भर. आणि भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना कराची जी सरसकट वजावट मिळते, ती इतर बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. फुकटचे पैसे आहेत, सोडू नकोस.

शेवटी ते, जे तू विचारलं नाहीस पण विचारशील. खोलीतली मैत्रीण रोखीवर काम करत असेल आणि म्हणाली, "चल ना, त्यांना अजून एक मुलगी हवीय," तर? तिला भाषण देऊ नकोस, कुणाला सांगतही फिरू नकोस. तिच्या घरची गोष्ट तुला माहीत नाही. फक्त जाऊ नकोस. रोखीवर ठेवणारा मालक तिथेही आपलाच असतो, आपली भाषा बोलणारा, "बेटा" म्हणणारा. तोच पुढे अर्धा पगार बुडवतो, कारण तू तक्रार करणार नाहीस हे त्याला पक्कं ठाऊक असतं. भाड्याला पैसे कमी पडले तर आधी विद्यापीठाच्या आपत्कालीन निधीची चौकशी कर, बऱ्याच ठिकाणी असा छोटासा निधी असतो आणि आपली मुलं तिथे फिरकतच नाहीत. मग मला सांग. घरी सांगवत नसेल तर मला सांग. मी उसने देईन, हिशोब ठेवीन, आणि तुझ्या लग्नात सगळ्यांसमोर मागीन.

ऑफर लेटर आलं की सहीआधी माझ्याकडे पाठव. सोबत आय-२०च्या दोन्ही पानांचे, किंवा जर्मनीचं ठरलं तर त्या जोडकागदाचा फोटो. रात्री बारापर्यंत मी जागीच असते.